जुनं जीपचं इंजिन : घेण्याआधी पाहणी आणि घेतल्यावर डागडुजी



कारखान्याचा पट्टा पडला की वर्कशॉपमध्ये काय चालतं हे आपण जाणता. मिलचे रोलर बाहेर काढायचे, बेअरिंग उघडायची, प्रत्येक भाग मापायचा आणि मगच काय बदलायचं ते ठरवायचं. आवाज बरा येतोय म्हणून रोलर तसाच ठेवला असं कुणी करत नाही. पण हाच सभासद जुन्या गाडीचं इंजिन घ्यायला गेला, की रंग बघून आणि विकणाऱ्याचं बोलणं ऐकून पैसे मोजून येतो. गेल्या ऑफ सीझनला असा एक प्रसंग आमच्यासमोर आला, त्या निमित्ताने हा पाठ लिहीत आहोत.

आमच्या एका सभासदाच्या घरी साठच्या दशकातली पेट्रोल जीप आहे. कारखाना उभा राहायच्या वेळी त्यांचे वडील याच जीपमधून शेअर गोळा करायला गावोगाव फिरले. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून, तेव्हा सगळ्यांनीच केलं तसं, तिला डिझेल इंजिन बसवलं. मूळचं इंजिन गेलं भंगारात. डिझेलही थकलं आणि जीप लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. आता मुलाच्या मनात आलं, की जीप मूळच्या पेट्रोल इंजिनावर पुन्हा उभी करायची. उसाचा दुसरा हप्ता त्यांनी त्यासाठी बाजूला काढला. शहराच्या भंगार बाजारात इंजिन सापडलं. पैसे द्यायच्या आदल्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाले, "मिस्त्री, एकदा नजर टाकायला चला की." आम्ही गेलो.

इंजिन कोणतं ते आधी ओळखा

'जीपचं इंजिन' एवढं सांगून भागत नाही. अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीची ही गाडी. लढाईतल्या जीपला जे इंजिन होतं त्याला 'गो-डेव्हिल' म्हणत. त्यात दोन्ही व्हॉल्व खाली ब्लॉकमध्येच असतात आणि वरचं हेड नुसत्या चपट्या झाकणासारखं दिसतं. १९५० साली त्याच कंपनीने 'हरिकेन' इंजिन आणलं. यात आत घेणारा व्हॉल्व वर हेडमध्ये गेला आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्येच राहिला. हेड उंच झालं म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचं बॉनेटही उंच करावं लागलं. महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवली ती हीच उंच बॉनेटची जीप.

दोन्ही इंजिनांचा बोअर ३ १/८ इंच आणि स्ट्रोक ४ ३/८ इंच. सीसी म्हणाल तर २१९९. तरी हेड आणि कार्बुरेटर एकाचं दुसऱ्याला बसत नाही. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, पाण्याचा पंप बसतो तिथल्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. तो घासलेला किंवा नव्याने ठोकलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. पुढे आर. टी. ओ. मध्ये काय होतं ते शेवटी सांगतो.

रंग हा दागिना नव्हे

बाजारात गेलो तर इंजिन चकचकीत हिरवं. विकणारा म्हणाला, "पाहुणं, चालू कंडिशन हाय, फक्त बसवायचं." आम्हाला तिथेच शंका आली. ज्या इंजिनाने चाळीस-पन्नास वर्षं खाल्ली त्याच्या अंगावर तेलाचा काळा थर, गंज, पाण्याचे ओघळ दिसायलाच हवेत. ते ओघळ म्हणजे इंजिनाची जन्मपत्रिका. रंगाखाली ती पुसली जाते. मळकं इंजिन बघून आम्हाला उलट बरं वाटतं.

आम्ही पटाशीने ब्लॉकच्या कडेचा रंग खरवडला. धूर सोडणाऱ्या व्हॉल्वच्या बाजूला रंगाखालून राखाडी लुकण निघालं. डिझेलचा बोळा फिरवून कोरडं केलं आणि खडूची पूड चोळली, तेव्हा दोन बोटं लांबीची रेघ ओली होऊन उठली. ब्लॉकला चीर. या जातीच्या इंजिनात व्हॉल्व ब्लॉकमध्ये आणि सिलिंडरला अगदी चिकटून असतो. पाणी कमी पडून इंजिन तापलं की व्हॉल्वची सीट आणि बोअर यांच्या मधल्या अरुंद जागेत चीर जाते, तशी पाण्याच्या जाकिटालाही जाते. हेड काढल्याशिवाय आतली चीर दिसत नाही. बाहेरची मात्र खडू दाखवतो.

सभासदांचा चेहरा उतरला. विकणारा म्हणाला, "एवढ्यानं काय व्हतंय, वेल्डिंग मारून घ्या." बिडाच्या ब्लॉकचं वेल्डिंग होत नाही असं नाही. पण ते मोठं कौशल्याचं काम, आणि चालू म्हणून सांगितलेल्या इंजिनावर ते करायची वेळ यावी याला सौदा म्हणत नाहीत. आम्ही हात जोडून निघालो.

दुसरं इंजिन आणि हवेची परीक्षा

दोन आठवड्यांनी एका गॅरेजच्या मागच्या अंगणात दुसरं सापडलं. मळलेलं, उंदराने घर केलेलं, पण प्लग जागेवर होते आणि कार्बुरेटरच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. हे बघून आम्ही खूश झालो. प्लग काढलेलं इंजिन पावसात पडलं असेल तर बोअरमध्ये पाणी जाऊन रिंगा जाम होतात. चिंधी कोंबणारा माणूस इंजिनाची कदर करणारा असतो.

आधी हात. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं, थोडं थांबलो आणि पुढच्या पुलीच्या दातऱ्यात हँडल घालून सावकाश फिरवलं. फिरलं. जाम असेल तर हिसके देऊ नका. दोन दिवस ऑइल मुरू द्या आणि मग बघा.

मग ऑइल. चेंबरचा नट ढिला करून पहिलं पेलाभर भांड्यात घेतलं. आधी पाणी आलं असतं तर चिंता होती. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय समजावं. आमचं ऑइल मळीसारखं काळं आणि घट्ट होतं, पण पाणी नव्हतं. बोटावर चोळून उन्हात धरा. पिवळ्या चकाकीचे कण दिसले तर बेअरिंगचा धातू निघतोय.

गाडीत बसलेलं चालू इंजिन असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून मोजता येतं. या इंजिनाला चांगल्या स्थितीत १२० पौंडांच्या आसपास दाब मिळतो. आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, तसाच राहिला तर व्हॉल्वचा किंवा हेड पॅकिंगचा.

जमिनीवर पडलेल्या इंजिनाला स्टार्टर नाही, गिअरबॉक्स नाही. तिथे आम्ही हवेची परीक्षा करतो. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढा, त्या लोखंडी कवचाला पितळेची नळी झाळून घ्या आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा. ज्या सिलिंडरची परीक्षा त्याचा पिस्टन अगदी वर आणि दोन्ही व्हॉल्व बंद हवेत. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व हलण्याच्या बेतात आले की एक नंबर फायरिंगला वर आलेला असतो. हवा थोडीच सोडा. हवा सोडताना हँडल आत ठेवू नका आणि हातात तर मुळीच धरू नका. पिस्टन जरा बाजूला असला तर हवेने क्रँक गरकन फिरतो आणि हँडल मनगट मोडतं.

आता कान लावा. कार्बुरेटरच्या तोंडातून फुसफुस आली तर आत घेणारा व्हॉल्व, धुराड्याच्या तोंडातून आली तर धूर सोडणारा. ऑइल भरायच्या नळीतून थोडी हवा येणारच, जोरात आली तर रिंगा गेल्या. ब्लॉक पाण्याने भरून ठेवला असेल आणि वर बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा चीर. आमच्या इंजिनात तीन नंबरच्या धुराड्यातून सोसाट्याची हवा आली, बाकी तीन ठीक. पाण्यात एकही बुडबुडा नाही. आम्ही सभासदांना डोळ्याने खूण केली. व्हॉल्व जळलेलं इंजिन चालतं, चीर गेलेलं नको. उलट जळलेल्या व्हॉल्वमुळे भावही खाली आला. ही परीक्षा ट्रॅक्टरच्या किंवा मोटेवरच्या इंजिनालाही चालते.

हेड उघडताना

इथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही असलंच हेड काढत होतो. सगळे बोल्ट काढले, हेड हलेना. पॅकिंग चिकटलं असेल म्हणून पहार घातली आणि कडेचा तुकडा उडाला. नंतर कळलं, की हरिकेनच्या हेडचा एक बोल्ट कार्बुरेटरच्या खाली, हवेच्या वाटेतच लपलेला असतो. कार्बुरेटर उतरवून आत वाकून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. त्या हेडचे पैसे आमच्या पगारातून गेले नाहीत, हा तेव्हाच्या वरिष्ठांचा मोठेपणा.

हेड उतरल्यावर वरून खाली बघत जा. बोअरच्या वरच्या तोंडाशी नख फिरवा. रिंग जिथवर जाते त्याच्या वर न घासलेली कडा राहते. नख तिथे अडकलं तर बोअर किती खाल्ला गेलाय याचा अंदाज येतो. खरं माप मात्र डायल गेजने घ्यायचं. वर आणि खाली, तसंच गाडीच्या लांबीत आणि रुंदीत. फरक पाच थाउच्या आत असेल तर कडा कापून होनिंग, नव्या रिंगा, व्हॉल्व घासणं आणि नवी बेअरिंग एवढ्यावर भागतं. त्याच्या वर गेला तर बोरिंगच. कडा न कापता नव्या रिंगा घालू नका. नवी रिंग त्या कडेवर आपटून तुटते. हा खर्च वाचवायचा प्रयत्न आम्ही दरवर्षी कुणाचा तरी फसलेला बघतो.

आमच्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर '०२०' ठोकलेलं होतं. म्हणजे एकदा वीस थाउ बोअर झालेला. आता वरच्या बाजूला सात थाउचा घाट निघाला. म्हणून तीस थाउ बोअर केला. पुढे आणखी एक, चाळीस थाउचा, शिल्लक आहे. त्यानंतर स्लीव्ह ठोकावी लागेल. पिस्टन हातात आल्याशिवाय बोरिंगवाल्याकडे ब्लॉक देऊ नका. नुसत्या आकड्यावर बोअर करून घेतला आणि पिस्टन दोन थाउ कमी-जास्त निघाला, की काम पुन्हा पहिल्यापासून.

क्रँकला तीन मेन बेअरिंग. कनेक्टिंग रॉडचा घाट नवा असताना १.९३७५ इंचाच्या आसपास, म्हणजे दोन इंचाला एक सोळांश कमी. तो मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजा. आमचा दोन नंबरचा घाट अंडाकृती झालेला होता, म्हणून चारही दहा थाउ घासून घेतले आणि त्या मापाची बेअरिंग घातली. रॉडची टोपी ज्या रॉडची तिलाच आणि त्याच बाजूने लागली पाहिजे. काढण्याआधी नंबर बघा, नसतील तर खुणा करा. क्रँक घासून आल्यावर त्याची ऑइलची भोकं तारेने आणि हवेने साफ करायची. घासणीची पूड भोकात राहिली तर नवं बेअरिंग पहिल्या तासातच जातं.

तीन नंबरचा धुराड्याचा व्हॉल्व कडेला पाकळीएवढा जळालेला होता. व्हॉल्व नवा, सीट कटरने साफ आणि गाइडमध्ये डगमग होती म्हणून गाइडही नवा. जुने मिस्त्री म्हणतात, शिशाचं पेट्रोल गेल्यापासून व्हॉल्व लवकर बसतात. देशात शिशाचं पेट्रोल २००० सालापासून बंद झालं, हे खरं. शिसं सीटला वंगणासारखं काम करी, म्हणून धुराड्याच्या बाजूला कठीण धातूची सीट असल्याची खात्री करून घ्या.

कॅमचं दातेरी चाक फायबरचं असतं. त्याचे दात बघितल्याशिवाय पुढचं झाकण लावू नका. आमच्या चाकाच्या दोन दातांना चीर होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नसतं. नवं घालताना दोन्ही चाकांच्या खुणा समोरासमोर आणायच्या. ऑइल पंप बसवताना आणखी एक खोडी आहे. डिस्ट्रिब्यूटर पंपाच्याच दांड्यावर फिरतो. पंप एक दात चुकला की टायमिंग चुकलं, आणि मग दोन दिवस कार्बुरेटर खोलत बसा.

जोडणी आणि पहिलं स्टार्ट

मापं एकत्र देतो, कात्रण वर्कशॉपच्या भिंतीला लावा. कनेक्टिंग रॉडचे नट ३५ ते ४५ फूट-पौंड, मेनचे बोल्ट ६५ ते ७५, हेडचे ६० ते ७०. हेड मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत आवळायचं. तो लपलेला बोल्ट विसरायचा नाही. रिंगेचं तोंड बोअरच्या प्रत्येक इंचाला तीन ते चार थाउ, म्हणजे इथे दहा-बारा. टॅपेट थंड इंजिनावर : आत घेणारा १८ थाउ, धुराड्याचा १६ थाउ. आत घेणाऱ्याचं सेटिंग वर रॉकरवर आणि धुराड्याचं ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड. सी. बी. पॉइंट २० थाउ, प्लग ३० थाउ, टायमिंग वरच्या बिंदूच्या ५ डिग्री आधी.

पहिल्या स्टार्टची घाई नको. पंपात ऑइल भरून बसवा. प्लग काढून ठेवा आणि ऑइल गेजचा काटा हलेपर्यंत हँडलने फिरवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उलटा झटका आला तर हँडल हातातून सुटून जावं, अंगठा घेऊन जाऊ नये.

ऑइल कोणतं हा प्रश्न हमखास येतो. आजच्या नव्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस कमी असतं. या इंजिनाचे टॅपेट कॅमवर सपाट घासतात, त्यांना ते लागतं. आम्ही डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू-४० वापरतो. इंजिन गरम झाल्यावर रेसला तीस-पस्तीस पौंड दाब दिसावा, आयडलला दहाच्या खाली जाऊ नये. पहिलं ऑइल लवकर टाकून द्या आणि थंड झाल्यावर हेड व टॅपेट पुन्हा बघा.

आमचं इंजिन तिसऱ्या हँडलला लागलं. थोडा धूर आला आणि पाऊण तासात विरला. मागच्या सीलमधून मात्र रात्रीत चार-पाच थेंब पडतात. मागे दोरीचं पॅकिंग असतं, ते कितीही नीट ठोकलं तरी थोडं गळतं. सभासद म्हणाले, "वडिलांच्या वेळंला बी गळत हुतं." आम्ही ते तसंच सोडलं.

पेट्रोल आणि कागद

एक गोष्ट आपल्या उसाशी जोडलेली. उसापासून होणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यांत आपल्याकडची मिरज आणि मनमाड ही ठिकाणं होती. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस उत्पादक म्हणून त्यात आपला फायदा आहे, पण जुन्या जीपच्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोल पंपाचा पडदा, रबरी नळ्या, कार्बुरेटरची पॅकिंग हे सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचं घ्या. जुनं रबर फुगून मऊ होतं आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटते. टाकीतला जुना गाळही ते सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर वरचेवर बघा. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून मिश्रण पातळ पडून इंजिन तापतं आणि खोकतं. मेन जेट किंचित मोठा घालावा लागतो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. पावसाळाभर जीप उभी राहणार असेल तर कार्बुरेटर रिकामा करून ठेवा.

आता कागद. इंजिन त्याच जातीचं असलं तरी नंबर वेगळा, म्हणून आर. सी. पुस्तकावर नोंद करून घ्यावीच लागते. इंजिन विकणाऱ्याकडून नंबर घातलेली पावती घ्या. पावती देत नसेल तर इंजिन कितीही चांगलं असो, उचलू नका. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम आले. त्यांत नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रानात खत न्यायला जीप वापरणार असाल तर त्या वाटेला जाऊ नका. आमच्या सभासदांनी साधीच नोंद ठेवली.

कुणाकडे असं इंजिन असेल तर पट्टा पडल्यावर वर्कशॉपमध्ये घेऊन यावं. डायल गेज, टॉर्क पाना आणि प्लगच्या कवचाची ती नळी इथे आहे. येताना ऑइल काढून टाकू नका, ते आम्हाला बघायचं असतं.